नाशिक : द्राक्षं, लेणी आणि अण्णांचे तीन प्रश्न

सहलीवर लेख म्हटलं की आपल्याकडे एक ठरलेला साचा असतो. रात्री बस निघाली, गाण्याच्या भेंड्या झाल्या, अमुक ठिकाणी चहा घेतला आणि शेवटी "ही सहल आयुष्यभर स्मरणात राहील". मीसुद्धा तसाच लेख लिहायला घेतला होता. पण सहलीहून परत आल्यावर घरी रेणापूरला गेलो, तेव्हा अण्णांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी) तीन प्रश्न विचारले. त्यातल्या एकाचंच अर्धंमुर्धं उत्तर मला देता आलं. आमच्या इंडस्ट्रियल व्हिजिटच्या रिपोर्टला मार्क चांगले पडले, पण त्या तीन प्रश्नांचं पान त्यात नाही. ते पान इथे लिहितो.

गेल्या फेब्रुवारीत आमच्या मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाची सहल नाशिकला गेली. एक दिवस वायनरी, एक दिवस शहर. "मेकॅनिकलच्या पोरांना वायनरी कशाला?" असं स्टाफरूममध्येही कुणीतरी विचारलं म्हणे! आमच्या सरांचं उत्तर साधं होतं : पंप, हीट एक्स्चेंजर, रेफ्रिजरेशन, बॉटलिंग लाइन आणि सांडपाणी शुद्धीकरण, हे सगळं एकाच छपराखाली दुसरीकडे कुठे दाखवू? अट मात्र त्यांनी बसमध्ये बसायच्या आधीच घातली. चव कुणीही घ्यायची नाही. ज्याला घ्यायची असेल त्याने आताच खाली उतरावं. कुणी उतरलं नाही.

माझी अडचण वेगळीच होती. अण्णा माळकरी. आषाढीची वारी चुकवत नाहीत. त्यांना मी फोनवर "नाशिकला कंपनी बघायला चाललोय" एवढंच सांगितलं होतं. खोटं नव्हतं, पण खरंही पुरतं नव्हतं. लातूरहून निघालेली बस रात्री साडेनऊला रेणापूर फाट्यावरून अंबाजोगाईकडे गेली, तेव्हा मी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आमची दीड एकर द्राक्षबाग होती. डॉगरीजच्या खुंटावर थॉमसनचं कलम. २०१६ च्या दुष्काळात दोन्ही बोअर आटले. त्याच वर्षी १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, पाच लाख लिटर पाणी घेऊन. मी तेव्हा सहावीत होतो. शहराला प्यायला रेल्वेने पाणी येत होतं, तिथे बागेला कोण देणार? अण्णांनी बाग तोडली. बांधाच्या कडेला लोखंडी अँगल आणि तारांची वेटोळी अजून पडून आहेत. आता तिथे सोयाबीन असतं.

आधी थोडं स्पेनविषयी

जाण्यापूर्वी सरांनी प्रत्येक गटाला एकेका गावाचा अभ्यास करायला सांगितला होता. आमच्या वाट्याला आलं स्पेनमधलं हारो. (स्पॅनिशमध्ये "ह" उच्चारत नाहीत, त्यामुळे तिथले लोक "आरो" म्हणतात.) एब्रो नदीच्या खोऱ्यातलं, ला रिओहा प्रांतातलं हे गाव. वस्ती दहा-अकरा हजार. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी!

हे गाव जगाच्या नकाशावर आलं ते एका किडीमुळे. १८६० नंतर अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या बारीक किडीने फ्रान्समधल्या द्राक्षवेलींची मुळं खायला सुरुवात केली. बोर्दोचे व्यापारी माल शोधत स्पेनमध्ये उतरले. हारोला तेव्हा नुकतीच रेल्वे आली होती. मग या व्यापाऱ्यांनी आणि तिथल्या लोकांनी वाइनची कोठारं थेट रेल्वे स्टेशनला लागूनच बांधली. लोपेस दे एरेदिया ही पेढी १८७७ सालची, कूने १८७९ ची. आजही स्टेशनजवळच्या त्या मोहल्ल्यात शंभर वर्षांहून जुनी कोठारं एकमेकांना खेटून उभी आहेत आणि लोक ती बघायला येतात. १८९० मध्ये गावात रस्त्यावर विजेचे दिवे लागले. स्पेनमध्ये असे दिवे सर्वांत आधी ज्या गावांत लागले, त्यात हारोचं नाव घेतात. १८९२ मध्ये द्राक्ष आणि वाइनच्या अभ्यासासाठी सरकारी प्रयोगशाळा निघाली. दरवर्षी २९ जूनला गावाबाहेरच्या डोंगरावर लोक एकमेकांवर लाल वाइन उडवतात, आपल्या रंगपंचमीसारखी!

फायलोक्सेराने पुढे हारोलाही गाठलं. त्यावर उपाय निघाला तो म्हणजे अमेरिकन द्राक्षाच्या मुळावर युरोपातल्या वेलीचं कलम. वाचताना मी थबकलो. डॉगरीज हासुद्धा अमेरिकन खुंटच! आपल्याकडे त्या किडीची भीती नाही, पण पाण्याचा ताण आणि खारवट जमीन सोसतो म्हणून महाराष्ट्रातल्या बागायतदारांनी तो धरला. म्हणजे हारोच्या बागेत आणि आमच्या दीड एकरात जमिनीखालचं नातं होतं.

वायनरीत काय पाहिलं

महाराष्ट्रात आधुनिक वाइनचा धंदा १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला सुरू झाला. नाशिकचं नाव झालं ते नंतर. स्टॅनफर्डला शिकून आलेले राजीव सामंत यांनी १९९७ च्या सुमारास गंगापूर धरणाच्या बाजूला वाइनची द्राक्षं लावली आणि २००० मध्ये सुलाची पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस इथे वाइन पार्क झाले. आज "नाशिक व्हॅली वाइन" या नावाला भौगोलिक मानांकन आहे.

आम्ही ज्या वायनरीत गेलो तिथे तोडणी चालू होती. युरोपात द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडतात, आपल्याकडे जानेवारी ते मार्च. कारण आपण एप्रिलला खरड छाटणी आणि पावसाळा संपताना फळछाटणी, अशा दोन छाटण्या करतो. पहाटेच्या गारव्यात तोडलेली द्राक्षं क्रेटमधून येत होती. एक मणी हातात घेतला. लहान, जाड सालीचा, आत बी. आपल्या खाण्याच्या थॉमसनपुढे अगदीच किरकोळ! पण रंग आणि चव सालीत असते, म्हणून वाइनला मणी लहानच हवा. वेलीवर घडही मोजकेच ठेवतात.

पुढचे टप्पे थोडक्यात सांगतो. पहिल्या मशीनमध्ये घडाचे देठ वेगळे होतात आणि मणी फुटतात. पांढऱ्या वाइनसाठी लगेच दाबून रस काढतात आणि साल बाजूला करतात. लाल वाइनसाठी सालीसकट आंबवतात. मग स्टीलच्या उभ्या टाक्यांत यीस्ट घालतात. यीस्ट साखर खातं आणि त्यातून अल्कोहोल, कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता तयार होते. लाल रसात साली वर तरंगून जाड थर होतो, म्हणून खालचा रस पंपाने वर आणून त्यावर ओततात. नंतर गाळ बसवणं, काही वाइन २२५ लिटरच्या ओकच्या पिंपात मुरवणं, गाळणं आणि बाटल्या भरणं.

वहीतलं गणित

आता आपल्या अभ्यासाचा भाग. रसातली साखर ब्रिक्समध्ये मोजतात. समजा रस २२ ब्रिक्सचा आहे, म्हणजे लिटरला साधारण २२० ग्रॅम साखर. १००० लिटरच्या टाकीत २२० किलो साखर झाली. रसायनशास्त्राच्या समीकरणाप्रमाणे १८० ग्रॅम साखरेतून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. म्हणजे आपल्या टाकीतून सुमारे १०७ किलो वायू निघणार. खोलीच्या तापमानाला त्याचं आकारमान होतं जवळपास ६० घनमीटर. आपल्या होस्टेलच्या दोन खोल्या गच्च भरतील एवढा! हा वायू हवेपेक्षा दीडपट जड, खाली साचून राहतो. म्हणून टाक्यांच्या हॉलमध्ये जमिनीलगत एक्झॉस्ट पंखे होते आणि रिकाम्या टाकीत एकट्याने उतरायला सक्त मनाई होती. आपल्याकडे जुन्या विहिरीत, आडात माणसं गुदमरतात तोच हा प्रकार.

दुसरं गणित उष्णतेचं. १ ब्रिक्स साखर आंबली की रसाचं तापमान अंदाजे १.३ अंशांनी वाढतं. २२ ब्रिक्सला जवळपास २८ अंश. रस २० अंशांवर असेल तर बिनथंडाव्याच्या टाकीत तो ४८ कडे निघेल, आणि ४० च्या आसपासच यीस्ट दम टाकतं. प्रत्यक्षात पांढऱ्या वाइनला १२ ते १६ आणि लालला २५ ते २८ अंशांच्या आसपास ठेवतात. म्हणून टाकीला दुहेरी भिंत असते आणि मधून थंड ग्लायकॉल फिरतं. हीट ट्रान्सफरच्या पुस्तकातलं "जॅकेटेड व्हेसल" मी पहिल्यांदा हाताने चाचपून पाहिलं. बाहेर ऊन, आणि टाकीची भिंत गार! खरं सांगतो, त्या क्षणी इंजिनिअर व्हावंसं वाटलं. गणित तीनमध्ये गचके खाल्ल्यानंतर असं बऱ्याच दिवसांनी वाटलं.

निघताना तिथल्या देखभाल विभागातल्या एका साहेबांनी सांगितलं, की हंगामात ते ट्रेनी घेतात. फॉर्मवर पालकांची सही लागते. मी फॉर्म घेतला आणि घडी घालून बॅगेत ठेवला.

शहरातला दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळ खाऊन पांडवलेणी चढलो. त्रिरश्मी डोंगरातली ही २४ बौद्ध लेणी. नाव पांडवांचं, पण पांडवांशी संबंध नाही. दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचे ब्राह्मी लिपीतले लेख आहेत, साधारण १९०० वर्षांपूर्वीचे. त्यातला एक लेख म्हणजे चक्क बँकेची पावती आहे! उषवदाताने लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ३००० कार्षापण ठेव म्हणून ठेवले. २००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा १ दराने. १००० दुसरीकडे, महिना शेकडा पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. हिशेब करून बघा : २००० वर वर्षाला २४० व्याज, आणि २० गुणिले १२ पण २४०च! १९०० वर्षांत हिशेब एका पैशाने चुकलेला नाही.

त्यानंतरचा, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला आणखी एक लेख इथे आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेवी ठेवल्या. कुंभारांच्या श्रेणीकडे १०००, तेल्यांच्या श्रेणीकडे ५००, आणि "ओदयंत्रिक" श्रेणीकडे २०००. ओदयंत्रिक म्हणजे पाण्याची यंत्रं करणारे कारागीर. आपल्याच धंद्याचे पूर्वज की! आणि ठेव सगळ्यांत मोठी त्यांच्याकडे.

हे गोवर्धन कुठे आहे, तर आजही नाशिकजवळ गंगापूरच्या वाटेवर त्याच नावाचं गाव आहे. आदल्या दिवशी आम्ही त्याच भागातल्या द्राक्षबागांतून हिंडलो होतो.

दुपारी काळाराम मंदिर. काळ्या दगडाचं हे देखणं मंदिर अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी बांधवलं. याच मंदिराच्या दारात २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे कित्येक वर्षं चालवला. दार उघडलं नाही, आणि १९३५ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. आम्ही सगळे त्या दारातून सरळ आत गेलो. कुणी अडवलं नाही, कुणी नाव विचारलं नाही. माझ्याबरोबरचा मित्र मात्र उंबऱ्यापाशी जरा वेळ थांबला. मीही थांबलो.

संध्याकाळी गोदाघाटावर बसलो. माझा रूम पार्टनर नांदेडचा. पाण्याकडे बघत म्हणाला, "बघ, हे आमचं पाणी. जायकवाडीवरून, मग विष्णुपुरीला. वर द्राक्षं पिऊन उरलं तर!" सगळे हसले, पण त्यात चेष्टा थोडीच होती. नाशिक-नगरची धरणं आणि जायकवाडी यांच्यातला पाण्याचा वाद कोर्टापर्यंत गेलेला आहे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, असं २०१४ च्या आदेशात ठरलं. आमची रेणा मांजरेला मिळते, आणि मांजरा पुढे गोदावरीला. म्हणजे आम्ही त्या घरातले, पण अगदी शेवटच्या खोलीतले.

अण्णांचे प्रश्न

रविवारी घरी गेलो. जेवण झाल्यावर बॅगेतून फॉर्म काढला आणि सगळं सांगून टाकलं. आईने "अगं बाई, दारूचा कारखाना!" म्हणून कपाळाला हात लावला. अण्णा काही बोलले नाहीत. सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "बागेला पाणी कुठून आणायलेत ते?"

मी म्हणालो, "अण्णा, धरण जवळ आहे. ठिबक आहे सगळीकडे."

"आन् भाव कोण ठरवतंय?"

मला माहीत नव्हतं.

"एखाद्या साली माल पडून राहिला तर कोण निस्तरतंय? कारखानदार का शेतकरी?"

तेही माहीत नव्हतं.

"दोन दिवस हिंडलास. बागवाल्या एका माणसाशी तरी बोललास का?"

मी खाली बघितलं. कंप्रेसरचं मॉडेल मी वहीत लिहून घेतलं होतं. क्रेट उतरवणाऱ्या माणसाला नमस्कारसुद्धा केला नव्हता.

होस्टेलला परतल्यावर लायब्ररीत बसलो आणि जमेल तेवढं शोधलं. भावाचं असं : वायनऱ्या बरीचशी द्राक्षं शेतकऱ्यांशी करार करून घेतात. जात आणि ब्रिक्स बघून दर ठरतो. खाण्याच्या द्राक्षासारखा रोज बाजार हलत नाही, हा फायदा. पण वाइनची द्राक्षं बाजारात खायला कुणी घेत नाही. करार मोडला तर दुसरं गिऱ्हाईक नाही, हा तोटा. आणि माल पडून राहिला ते साल खरंच येऊन गेलं आहे. २००८-०९ च्या मंदीत वाइनचा खप पडला, टाक्या भरलेल्या राहिल्या आणि नाशिक भागातल्या अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटून टाकल्या. म्हणजे अण्णांनी जे पाण्यावाचून केलं, ते त्यांना धरणाशेजारी असूनही करावं लागलं.

हे वाचल्यावर हारो, पांडवलेणी आणि आमचा बांध एका ओळीत दिसायला लागले. हारोला नुसती द्राक्षं नव्हती. माल नेणारी रेल्वे होती, पैसा लावणारे व्यापारी होते, रोगावर अभ्यास करणारी प्रयोगशाळा होती. किडीने बागा खाल्ल्या तरी गाव उभं राहिलं. गोवर्धनच्या श्रेणींकडे लोक पिढ्यान्पिढ्यांसाठी ठेवी ठेवत, कारण विणकर एकटा बुडाला तरी श्रेणी व्याज देईल ही खात्री होती. आमच्या अण्णांच्या मागे दीड एकर, दोन बोअर आणि सोसायटीचं कर्ज होतं. मशीन शिकायला मी नाशिकला गेलो. पण शेतकऱ्याचं नुकसान वाटून घेणारं कुणी मागे असावं लागतं, हे मला माझ्याच घरच्या ओसरीवर कळलं.

पुढच्या आठवड्यात मी अण्णांना फोन करून हे सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "ती टाकी गार करायची मशीन, ती द्राक्ष गार करायला चालते का? आपली पेटी लातूरला जाईपर्यंत उन्हानं नरम पडायची."

चालते. द्राक्षं तोडल्यावर काही तासांत थंड केली तर कितीतरी दिवस टिकतात, त्याला प्रीकूलिंग म्हणतात. गणित तेच, फक्त रसाच्या जागी पेट्या. आमच्या चौघांच्या गटाने फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी हाच विषय दिला आहे : चार-पाच शेतकऱ्यांना मिळून परवडेल असं छोटं प्रीकूलिंग युनिट. एकट्याला परवडेल असं करून बघितलं, आकडे जुळत नाहीत. मिळूनच करावं लागतं.

ट्रेनिंगच्या फॉर्मवर सही अजून झालेली नाही. अण्णा "नाही" म्हणाले नाहीत, "हो"ही म्हणाले नाहीत. मीही घाई करत नाही. पण आता फोनवर "कंपनी" म्हणत नाही, "वायनरी" म्हणतो.

ज्युनिअर मित्रांनो, पुढच्या वर्षी तुमची बस नाशिकला जाईल. वायनरी बघा, टाकीच्या भिंतीला हात लावून बघा. पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यापाशी दहा मिनिटं जास्त थांबा. काळारामाच्या दारात उभे राहा. आणि क्रेट उतरवणारा माणूस दिसला की त्याला अण्णांचे तीन प्रश्न नक्की विचारा. उत्तरं मिळाली तर मला रूमवर येऊन सांगा. चहा माझ्याकडून!